घरटी एक क्रथोंग

विहाराच्या मंडपात लांब बाकांवर तीनशे बारा क्रथोंग, म्हणजे पाण्यावर तरंगत सोडायचे दिवे, मांडलेले होते. डावीकडे बालगटाचे एकशे चाळीस, पावाच्या पिठाचे, साच्यातून काढलेले : गुलाबी कासवे, हिरवी कमळे आणि एक निळे रेल्वेचे इंजिन. मधल्या बाकांवर तरुण आणि प्रौढ गटाचे एकशे अठरा. उजवीकडे, पाठ टेकायच्या खुर्च्यांजवळ, ज्येष्ठांचे चौपन्न. मोठ्यांचे सगळे केळीच्या खुंटाच्या चकतीवर पानांच्या पाकळ्या टोचून केलेले, मधोमध मेणबत्ती, तीन उदबत्त्या आणि झेंडू. प्रत्येकावर करणाऱ्याच्या नावाची चिठ्ठी. बाराव्या महिन्याची पौर्णिमा परवावर आली होती आणि त्या संध्याकाळी हे सगळे दिवे विहाराच्या तळ्यात सोडायचे होते.

सैसुनीने ते दोनदा मोजले. आकडा बरोबर होता, आणि तरीही तिला एका जागी उभे राहवत नव्हते. ती बाकांच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत गेली, एका कासवाची सरकलेली मेणबत्ती सरळ केली, परत आली, पुन्हा तीच मेणबत्ती सरळ केली.

वांगताल नगरपालिकेच्या सांस्कृतिक विभागात ती कंत्राटावर होती. आठ वर्षे ती गावासाठी मोफत कला-कार्यशाळा घेत आली होती. पहिल्या वर्षी लोकांनी टोमणे मारले होते, ‘फुकट शिकवते म्हणजे तिला तरी काय येत असणार!’ आता नावनोंदणी सुरू झाली की दुपारपर्यंत जागा संपत. मुलांचा गट शनिवारी सकाळी, मोठ्यांचा दुपारी, ज्येष्ठांचा रविवारी. तिन्ही गटांना वेगळे बाक, वेगळे सामान, वेगळे शिक्षक. घडी नीट बसलेली होती.

तिची अस्वस्थता सकाळपासूनची होती. सकाळी ती भिक्खूंना भात वाढायला गेली, तेव्हा थोरल्या भिक्खूंनी, ज्यांना सगळा गाव लुआंग फो म्हणत असे, तिला थांबवले होते.

“लेकी, गेल्या वर्षी आम्ही टोपल्या भरभरून मासे पुरले. ते या विहाराच्या आश्रयाला होते. मी तेव्हा काही बोललो नाही.”

“हो, लुआंग फो.”

“यंदा पुन्हा तसं झालं, तर पुढच्या वर्षीपासून तळ्याचं फाटक बंद ठेवीन. आणि मंडपसुद्धा. मंडपामुळेच तर एवढे दिवे होतात.”

आवाजात राग नव्हता, आणि म्हणूनच त्यावर बोलायला जागाही नव्हती. मंडप गेला की कार्यशाळा गेली. भाडे न घेता दीडशे माणसे बसतील अशी दुसरी जागा गावात कुठेच नव्हती. नदीवर दिवे सोडावेत, तर पाऊस नुकताच सरलेला असल्याने घाटाच्या पायऱ्या पाण्याखाली होत्या आणि लहान मुलांना तिकडे कोणी फिरकू देत नसे. मुलाबाळांची घरे म्हणूनच तर तळ्यावर येत.

गेल्या वर्षी सणानंतर तिसऱ्या दिवशी पहाटे तळ्यातले तफियन मासे पांढऱ्या पोटाने वर तरंगले होते. मत्स्यखात्याच्या माणसाने येऊन पाण्यात मापक बुडवला. विरघळलेला प्राणवायू लिटरला एक मिलिग्रॅमसुद्धा भरला नाही. तफियनला निदान चार-पाच तरी लागतो. “ढगाळ हवा होती, असं होतं कधीकधी,” तो म्हणाला, आणि सैसुनीने ते कारण लगेच उचलले. कारण पावाच्या क्रथोंगाची कल्पना तिची होती. त्याच वर्षी थर्माकोल बंद करून तिनेच तो आणला होता. “मासे खाऊन टाकतील, कचरा उरणारच नाही,” असे तिनेच मुलांना सांगितले होते आणि मुलांनी टाळ्या वाजवल्या होत्या. प्रयोग करून मात्र कोणी पाहिले नव्हते. तिनेही नाही, आणि ती तर रसायनशास्त्राची पदवीधर!

या वर्षी तिने पाहिले. आदल्या दिवशी मंडपामागे एक निळा टब तळ्याच्या पाण्याने भरून, बाजारातून आणलेले चार छोटे तफियन त्यात सोडून, तिने एक पावाचे कमळ पाण्यावर ठेवले होते. मापक तिने शाळेच्या प्रयोगशाळेतून मागून आणला होता. आता ती तिथे गेली. माशांनी कमळाची एक पाकळी कुरतडली होती. बाकीचे सगळे फुगून, सुटून, तळाशी राखाडी गाळ होऊन बसले होते. पाणी दुधाळ झाले होते आणि त्याला आंबूस वास येत होता. चारही मासे तोंडे पाण्याबाहेर काढून उघडझाप करत होते. मापकावर एक पूर्णांक सहा.

“हे काय गं, कपडे भिजत घातलेस?”

मागे काठी टेकत ख्रू चमोय उभ्या होत्या. गावातल्या शाळेत त्यांनी पस्तीस वर्षे गणित शिकवले होते, म्हणून सगळे त्यांना ख्रू, म्हणजे शिक्षिका, म्हणत. सैसुनीही त्यांच्याच हाताखालून गेली होती, आणि अर्धे गाव अजूनही त्यांना पाहून शर्टाची वरची गुंडी लावत असे.

“नाही ख्रू. पाव भिजत घातलाय.”

“वासावरून मला वाटलं, आमच्या सुनेनं माशाच्या चटणीची बरणी फोडली.” त्यांनी वाकून पाहिले. “हे चौघं काय म्हणतायत?”

सैसुनीने सगळे सांगितले. भिक्खूंचे बोलणे, गाळ, आकडा. सांगता सांगता ती टबाभोवती फेऱ्या घालू लागली.

“उभी राहा एका जागी. माझी मान दुखते,” ख्रू चमोय म्हणाल्या. “मग सोपं आहे. पावाचे सोडायचे नाहीत.”

“आणि एकशे चाळीस मुलांना काय सांगू? सणाच्या दिवशी हात हलवत या म्हणून? पानं संपली, खुंट संपले. एका दिवसात एवढे नवे कुठून आणू? आणि मोठ्यांचे सगळे सोडले तरी तळं झाकून जाईल, ख्रू. तळं एवढंसं ते!”

“मंडपात एकूण किती आहेत?”

“तीनशे बारा.”

“घरं किती?”

सैसुनी थांबली. “म्हणजे?”

“गणिताचा प्रश्न आहे, सै. वस्तू तीनशे बारा. त्या किती घरांतून आल्या?”

हजेरी तिच्याकडे होती, पण गटवार होती. घरवार मांडणी तिने कधी केलीच नव्हती.

“आमच्याच घरातून तीन आले,” ख्रू चमोय म्हणाल्या. “माझा उजवीकडे, सुनेचा मध्ये, नातीचा डावीकडे. एका छपराखालची तीन माणसं, आणि एकाही क्रथोंगाला दुसऱ्याचा हात लागलेला नाही. शनिवारी मी दाराशी आले होते. म्हटलं मुकच्या शेजारी बसते, पाकळी कशी दुमडायची ते दाखवते. तुझी ती शिट्टीवाली पोरगी म्हणते, ‘याई, हा सहा ते बारा वर्षांचा गट आहे.’ मी म्हटलं, ‘आजीची अक्कल त्याच वयाची आहे गं, घे आत.’ नाही घेतलं!”

सैसुनीला हसू आले नाही. “ख्रू, सगळ्यांना एकत्र बसवलं तर गोंधळ होतो. मुलं धावतात. टाचण्या असतात, कात्र्या असतात. कुणाच्या पायात कोण येईल सांगता येत नाही.”

“आणि घरी? घरी आम्ही काय वयाप्रमाणे पाळ्या लावून जेवतो?”

“पण लहानांना त्यांच्या गतीनं शिकू द्यावं...”

“काय शिकली ती? पीठ साच्यात दाबलं, कासव बाहेर काढलं. साचा शिकला असेल तर शिकला, पोरगी काय शिकली?” काठी एकदा जमिनीवर आपटली. “माझ्या बोटांत तीन प्रकारच्या पाकळ्या आहेत, सै. माझ्या आजीनं शिकवलेल्या. आता हात थरथरतो, टाचणी नीट बसत नाही. मुकचे डोळे चांगले, बोटं बारीक. आणि तू काय केलंस? माझी अक्कल रविवारी बसवलीस आणि तिची बोटं शनिवारी!”

सैसुनीने टबाकडे पाहिले. पाण्यावर चार तोंडे उघडत होती, मिटत होती.

“आमच्या वेळी घरटी एक असायचा,” ख्रू चमोय जरा मऊ होत म्हणाल्या. “बाप खुंट कापायचा, आजी दुमडायची, आई टाचायची, आम्ही पोरं आपापली नखं कापून त्यात टाकायचो, वर्षभराची पीडा वाहून जावी म्हणून. भांडणं व्हायची. आजी तर दर वर्षी रुसायची. पण गंगामाईची क्षमा अख्खं घर मिळून मागायचं. कशाची क्षमा? वर्षभर तिचं पाणी घाण केलं त्याची! आणि आता काय, क्षमा मागता मागता तिला पुन्हा घाण करायची? तीही माणशी एक?”

त्या गेल्यावर सैसुनीने आधी चारही मासे स्वच्छ पाण्याच्या बादलीत टाकले. मग हजेरी घरवार मांडून पाहिली आणि फोन लावला. विभागाचे प्रमुख मानोप तिच्यापेक्षा वयाने मोठे होते, त्यांना ती ‘पी’ म्हणजे दादा म्हणत असे.

“सै! तीनशेचा टप्पा ओलांडलास ना? मी फलक छापायला टाकलाय. ‘तीन वयोगट, तीनशेहून अधिक कलाकृती!’”

“पी, आकडा कमी होणार आहे. शंभराच्या आसपास येईल.”

“कमी? अगं तयार झालेल्या वस्तू कमी कशा होतील? उंदरांनी खाल्ल्या?”

तिने समजावून सांगितले. मानोप मध्येमध्ये ‘हं’ म्हणत राहिले. ते ‘हं’ दर वेळी छोटे होत गेले.

“हे बघ सै, फुकटच्या कार्यशाळेत दुसरं मोजायचं तरी काय असतं? डोकी मोजायची, वस्तू मोजायच्या, फोटो काढायचा. तीनशेचा आकडा मी वर कळवून बसलोय. तुझ्या कंत्राटाचा कागदही त्याच टेबलावर आहे, माहितेय ना?”

“माहितेय, पी.”

“मग?”

तिची टाच जमिनीवर सारखी आपटत होती. ती तिने दाबून धरली. “मासे मेले तर मंडप जाईल. मग पुढच्या वर्षी मोजायला काहीच राहणार नाही. आणि पी, मंडप जाणार नसता तरी... आपण चुकीचं मोजत होतो.”

मानोपनी फोन ठेवला. हो म्हणाले नाहीत, नाहीही म्हणाले नाहीत. तिने ठरवले होते, पण ठरवल्याने जीव शांत झाला नाही. लोक आले नाहीत तर? मुलांनी भोकाड पसरले तर?

दुसऱ्या दिवशी सकाळी गावातल्या खांबांवरचे भोंगे रोजच्यासारखे खरखरले. एरवी त्यावरून लसीकरणाची तारीख आणि कचऱ्याच्या गाडीची वेळ सांगत. आज सैसुनीचा आवाज आला. “पावाचे क्रथोंग मासे खाऊन टाकतात असं मी तुम्हाला सांगितलं होतं. ते चूक होतं. गेल्या वर्षी मासे त्यामुळेच मेले असावेत. पावाचे कुणी पाण्यात सोडू नका. आज दुपारी मंडप सगळ्यांना खुला आहे, वयाची अट नाही. घरातल्या सगळ्यांनी मिळून या. मोठ्यांच्या क्रथोंगांतली पानं आणि खुंट वापरून घरटी एकच क्रथोंग करूया!”

दुपारी तिने शिट्टीवाल्या मुलीला दारावरून हलवले, तिन्ही रांगांचे बाक ओढून एकत्र लावले आणि टब मंडपाच्या मधोमध आणून ठेवला. तीन वाजेपर्यंत पाचच घरे आली. सैसुनी दाराशी जायची, रस्त्याकडे पाहायची, परत यायची. साडेतीनला एकदम गर्दी उसळली. नंतर कळले, ख्रू चमोय आपल्या जुन्या विद्यार्थ्यांच्या दारांवर काठीने टकटक करत गल्लीभर फिरल्या होत्या.

सगळे गोडीगुलाबीने झाले असे नाही. एक बाई तणतणत आल्या, घरचे तिन्ही क्रथोंग उचलले आणि म्हणाल्या, “फुकट शिकवलंत म्हणून आमच्या घरात दिवे किती ते तुम्ही ठरवणार?” उद्या नदीवर सोडू म्हणत त्या तडक निघून गेल्या. दोघा भावांची कुणाचे फूल वर राहणार यावरून मारामारी झाली. एका आजोबांनी सुनेला खुंटाची चकती कशी धरायची ते इतक्यांदा सांगितले की शेवटी ती म्हणाली, “बाबा, तुम्हीच धरा ना!” आणि त्यांनी ती खरेच धरली.

ख्रू चमोयची नात मुक मात्र आपले गुलाबी कासव छातीशी धरून खांबाला टेकून उभी होती. आठ वर्षांची पोर, ओठ घट्ट मिटलेले.

“मला माझंच सोडायचंय.”

“नुसतं वेड्यासारखं करू नकोस,” तिची आई म्हणाली. “सगळे बघतायत.”

“बघू देत!”

सैसुनी तिच्यासमोर उकिडवी बसली. उपदेशाचे दोनतीन शब्द तिच्या जिभेवर आले होते. ते गिळून ती म्हणाली, “ये, तुला एक दाखवते.” तिने मुकला टबाजवळ नेले आणि स्वच्छ बादलीतला एक मासा क्षणभर त्या दुधाळ पाण्यात सोडला. मासा तळाकडे गेला, वळला, आणि पुन्हा वर येऊन तोंड उघडू लागला.

मुकने नाक धरले. “ई! काय बोलतोय तो?”

“बोलत नाही गं. श्वास शोधतोय. पावाच्या कमळानं पाण्यातला श्वास संपवलाय.”

“त्याला काढा ना! काढा आधी!”

सैसुनीने मासा उचलून बादलीत परत टाकला. मुकने त्याच्याकडे पाहिले. मग कासवाकडे. शेवटी म्हणाली, “हे घरी फडताळावर ठेवलं तर चालेल?”

“चालेल. त्याला श्वास लागत नाही.”

ख्रू चमोय बाकावर बसून पान दुमडत होत्या. बोटे थरथरत होती, पण पाकळीची चुणी अचूक पडत होती. मुक शेजारी येऊन बसली. आजीने दुमडलेली पाकळी पुढे धरली, आणि मुकने टाचणी टोचली.

“वाकडी गेली,” आजी म्हणाली.

“तुमचा हात हलला, आजी!”

“माझा हात हलणारच. तू धरायचं असतं.”

मुकने डाव्या हाताने आजीचे मनगट धरले आणि उजव्या हाताने टाचणी टोचली. ती सरळ गेली. मग पुढची. सून पलीकडे बसून झेंडूचे देठ कापत होती. कापता कापता तिचा हात थांबला. “मला कधी नाही शिकवलीत ही पाकळी,” ती सासूला म्हणाली. तिचा आवाज भांडणाचा नव्हता.

“तू कधी शेजारी बसलीस?” ख्रू चमोय म्हणाल्या. मग थोड्या वेळाने, “मीही कधी बोलावलं नाही म्हणा. सरक इकडे.”

सैसुनी उभी राहून पाहत होती. आठ वर्षे तिने या मंडपात माणसे शिकवली, पण इतका आवाज इथे कधी ऐकला नव्हता. लोक एकमेकांना नावे ठेवत होते, हसत होते, एकमेकांच्या हातून कात्री हिसकावत होते. विणकाम गिरणीत काम करणारा, भाड्याच्या खोलीत एकटा राहणारा एक तरुण दाराशी घुटमळत होता. “माझं घर म्हणजे मी एकटाच,” तो ओशाळून म्हणाला. ख्रू चमोयनी त्याला केळीचा खुंट कापायला बसवले. “घरटी एक म्हटलंय. घर केवढं ते कुणी म्हटलं नाही. नखं काप आणि टाक यात.”

पौर्णिमेच्या संध्याकाळी मानोप छायाचित्रकाराला घेऊन आले. तीन गटांची तीन छायाचित्रे काढायची होती, पण गट कुठे दिसेनात. प्रत्येक क्रथोंगामागे आजोबा होते, तान्ही मुले होती, आत्या होत्या, शेजारी होते. त्यांनी सैसुनीकडे पाहून मान हलवली. होकाराची की नाराजीची, ते तिला कळले नाही. ते गाडीकडे गेले तेव्हा हातात बाजारातून आणलेले दोन क्रथोंग होते. परतले तेव्हा हातात एकच होता, आणि बायको बरोबर होती.

“फलकावर काय लिहायचं मग?” त्यांनी विचारले.

“घरं लिहा, पी,” सैसुनी म्हणाली.

वाचकहो, आपल्या गावातही अशा मोफत कार्यशाळा होतात, आणि आपणही त्यांचे यश वस्तूंनी आणि डोक्यांनीच मोजतो. मोफत मिळालेल्या गोष्टीचीही किंमत कुणीतरी चुकती करत असतेच. कधी ती तळ्यातल्या माशाने चुकवलेली असते, कधी दारातून परत पाठवलेल्या आजीने. कला वाटायची तर माणसांना वयाच्या रांगांत वाटून टाकू नका. ज्यांनी एकमेकांपासून शिकायचे त्यांना शेजारी बसवा. किती वस्तू झाल्या हे विचारण्याआधी, कोण कोणाबरोबर बसले हे विचारा!

सणानंतर तिसऱ्या दिवशी, सूर्योदयापूर्वी, सैसुनी आणि दोन तरुण भिक्खू छोट्या होडीतून तळ्याच्या मध्यावर गेले. जाळीने बाहेर काढलेले क्रथोंग, एकशे सात. पाण्यातला प्राणवायू, लिटरला पाच पूर्णांक दोन मिलिग्रॅम. मेलेले मासे, शून्य.